पंचेचाळीस रुपयांची वही: नऊ महिने वापरल्यावर

मृग लागायच्या आठवड्यात घेतलेली २०० पानी वही परवा संपली. बसस्टँडजवळच्या दुकानातून ४५ रुपयांना आणली होती. कोपरे दुमडलेत, मधल्या चार पानांना हळद लागली आहे. पेन हरवू नये म्हणून शिलाईला बांधलेला दोरा मात्र अजून शाबूत आहे. लोक मिक्सरचा, मोबाईलचा अनुभव लिहितात. मी हा लिहिते आहे, कारण असं काही मला आधी वाचायला मिळालं असतं तर मी लवकर दवाखान्यात गेले असते.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, आर्वीकडे. साडेपाच एकर वावर, कपाशी आणि तूर. त्या वर्षी पीक बरं झालं होतं हे मुद्दाम सांगते, कारण आमच्याकडे कुणाचं मन खचलं म्हटलं की लोक आधी कर्ज किती ते विचारतात. माझं वेगळं होतं. सासूबाई चार वर्षं अंथरुणाला खिळून होत्या, त्यांचं सगळं मीच केलं. फेब्रुवारीत त्या गेल्या. तेराव्याला आलेल्या बाया म्हणाल्या, "सुटली बिचारी, अन् तूही सुटली." त्यानंतर माझी झोप गेली. पहाटे तीनला डोळा उघडायचा. जेवण घशाखाली उतरत नव्हतं, कुणी आवाज दिला तर ओ द्यावासा वाटत नव्हता.

शेवटी मालक जिल्ह्याच्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या समुपदेशक ताईंनी ९ प्रश्न विचारले: गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी, भूक कशी, कामात लक्ष लागतं का. प्रत्येकाला ० ते ३ गुण. जितके गुण जास्त, तितका त्रास जास्त. २७ पैकी माझे १६ आले. दर १५ दिवसांनी यायचं ठरलं, आणि ताईंनी वही घ्यायला सांगितली. त्यात मनातलं लिहायचं नाही, असं बजावलं. वेळ, काय केलं, आणि तेव्हा मन १० पैकी किती, एवढंच. रात्री उद्याचं एक लहानसं काम लिहून ठेवायचं आणि मन असो-नसो, ते करायचं. मन बरं झालं की कामाला लागू, असं आपण म्हणतो. इथं काम आधी, मन मागून येतं. या पद्धतीला 'बिहेवियरल ॲक्टिव्हेशन' म्हणतात.

पहिले दोन आठवडे वही अशी आहे: "७, चहा केला, २. ९, भांडे घासले, २. ११, निजून राहिली, १." मला वाटलं, यात लिहिण्यासारखं आहे तरी काय. तिसऱ्या आठवड्यात ताईंनी लाल पेनानं रोज दुपारच्या ३ ते ५ या वेळेभोवती गोल केले. सगळीकडे १, एके ठिकाणी ०. "या वेळेला तुम्ही आधी काय करायच्या?" एवढंच त्यांनी विचारलं. तीनला मी सासूबाईंची चादर बदलायची, चमच्यानं अर्धा कप चहा पाजायची, केस विंचरून द्यायची. मला तिथंच रडू आलं. मला कशाचं दुःख आहे ते मलाच सांगता येत नव्हतं, आणि वहीत ते रोज तीन वाजता लिहिलेलं होतं.

मग ठरलं की तीनला घरात बसायचं नाही. मी भाजीचं टोपलं घेऊन शेजारच्या काकूंच्या ओसरीवर जाऊन बसू लागले. आठ दिवस आकडा हलला नाही. नवव्या दिवशी जरा वेळ झाला तर काकूंनी हाक मारली, "काऊन वो, आज उशीर केला? चहा थंडा झाला न!" त्या दिवशी मी ४ लिहिला. पोळ्याच्या आसपास धुऱ्यावरची आंबाडी तोडताना ६ आला. ते पान मी अजून उघडून पाहते.

आता खटकलं ते. कापूस वेचणीच्या दिवसांत एवढं लिहिणं होत नाही. मग मी सकाळ, दुपार, रात्र अशा तीनच नोंदी केल्या, तेवढ्याने भागलं. दुसरं, घरातल्याच एका माणसानं वही वाचली आणि गोष्ट गावभर झाली. फार लागलं मला ते. तेव्हापासून वही गव्हाच्या कोठीत असते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: वही म्हणजे औषध नाही. ऑक्टोबरात सलग बारा दिवस २ च्या वर आकडा गेला नाही, तीनची ओसरी सोडली नव्हती तरी. एका रात्री दीड वाजता मी १४४१६ लावला. तो मनाच्या त्रासासाठीचा सरकारचा टेली मानस क्रमांक, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, २४ तास, फुकट, मराठीतही बोलतात. पलीकडच्या ताईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सकाळी डॉक्टरांना दाखवा म्हणाल्या. डॉक्टरांनी ते बारा दिवस वहीत पाहिले आणि गोळी सुरू केली. फरक पडायला दोन-तीन आठवडे लागतील, मध्येच बंद करू नका, असं सांगितलं. तसंच झालं. गर्दीच्या ओपीडीत जे मला बोलता आलं नसतं, ते वहीनं सांगितलं. जानेवारीत तेच ९ प्रश्न पुन्हा झाले, ६ गुण आले.

ताईंकडून कळलं की शेजारच्या अमरावती जिल्ह्यात ३० गावांत 'विश्राम' नावाचा मानसिक आरोग्याचा कार्यक्रम झाला होता. तिथं १८ महिन्यांत नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. ऐकून बरं वाटलं, आणि उरलेल्या बायामाणसांचा विचारही मनातून जात नाही.

५ पैकी ४ देईन. एक कापला तो ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी. पण काकूंनी त्यावर तोड काढली आहे. त्यांचेही दिवस सध्या जड आहेत. रोज संध्याकाळी त्या वाटीत तुरीचे दाणे टाकतात, वाईट दिवसाला एक, चांगल्याला पाच. आठवड्यानं आम्ही दोघी ओसरीवर बसून मोजतो. या आठवड्यात एकोणीस निघाले.