अर्जावर माझं नावच नव्हतं

कुपवाड एमआयडीसीत माझं फॅब्रिकेशनचं छोटं शेड आहे. आजोळ सांगली जिल्ह्यातल्या कवठेएकंदचं. तिथली दसऱ्याची आतषबाजी बघायला सगळे येतात. त्याआधी फटाक्यांची दारू भरणाऱ्यांच्या घरात काय धास्ती असते, ते मी लहानपणापासून बघितलंय.

म्हणून दोन वर्षं खपून दारू भरायच्या जागेसाठी एक आडोसा बनवला. कडक भिंतीवर स्फोटाची लाट आपटली की दाब निदान दुप्पट होतो आणि आतल्या माणसावरच उलटतो. मी पुढचा पत्रा भोकांचा घेतला, मागच्या पोकळीत परलाइट भरलं. ते हलके दाणे स्वतः चिरडतात आणि धक्का खातात.

एक जण भेटला, ‘पेटंट काढून देतो’ म्हणाला. शेडवर आला, मामांच्या पाया पडला. मी ३५ हजार दिले, सगळी ड्रॉइंग व्हॉट्सअपवर पाठवली. करार काहीच नाही. अर्जाचा नंबर विचारला की, “दादा, प्रोसेसमध्ये आहे.” ऑनलाइन अर्ज भरून फी भरली की नंबर लगेच पडतो, हे मला कुठं ठाऊक होतं! पेटंट एजंटांची सरकारी यादी असते, तीही बघितली नाही. नंतर बघितली, त्यात त्याचं नाव नव्हतं.

अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. माझ्या पुतणीला तो पेटंट ऑफिसच्या साइटवर सापडला. अर्जदार तोच, संशोधकही तोच. आकृतीत खालच्या ओळीत डावीकडे ११ भोकं, उजवीकडे १०. माझ्या पहिल्या नमुन्यात ड्रिल मारताना कोपरा फाटला, म्हणून तिथलं एक भोक मी सोडलं होतं. त्याला दुसरं काही कारण नाही. त्यानं ते तसंच उतरवलं.

आपल्याकडे आधी अर्ज करणाऱ्याचा हक्क धरतात. तात्पुरता अर्ज मी स्वतः ऑनलाइन १,६०० रुपयांत भरू शकलो असतो, पुढं पूर्ण अर्जाला १२ महिने मिळतात. ड्रॉइंग कुणाच्याही हातात देण्याआधी एवढं कराच.

अर्ज प्रसिद्ध झाल्यावर सहा महिने तरी पेटंट मंजूर होत नाही. त्या मुदतीत, कल्पना माझ्याकडून लबाडीनं घेतली या कारणावर मी हरकत दाखल केली. तारखांसह मेसेज जोडलेत. सुनावणी व्हायची आहे. फाटक्या कोपऱ्याचा पत्रा ताडपत्रीत गुंडाळून ठेवलाय, शेडमधल्या पोरांना त्याला हात लावू देत नाही.