भिंतीवरचा लग्नचौक आणि कापडावरचे वारली चित्र

पालघर जिल्ह्यातील डहाणू-तलासरी भागात वारली आदिवासींच्या घरात लग्नाच्या वेळी शेणाने सारवून गेरूने रंगवलेल्या कुडाच्या भिंतीवर सवासिनी तांदळाच्या पिठाने चौक, म्हणजे चौकोनी विधिचित्र, काढतात, आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी स्त्री पुरोहित, गाणी म्हणत विधी चालवते. बांबूच्या काडीचे टोक चावून केलेल्या कुंचल्याने चौकटीच्या पट्ट्या भरल्या जातात, मध्ये सुफलनाची पालघट देवी येते आणि शेजारच्या लहान चौकात पंचशिऱ्या देव. हे चित्र विधीसाठी असते. विधी आटोपल्यावर ते टिकावे अशी कोणाची अपेक्षा नसते.

कापडावरचे चित्र याउलट टिकण्यासाठी आणि विकण्यासाठीच जन्मले. १९७०च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांमुळे ही कला भिंतीवरून कागदा-कापडावर आली आणि वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी तिला जगभर नेले. मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. चौकाला न मिळणारी मोकळीक येथे आहे: मासेमारीची जाळी, तारपा या फुंकवाद्यावरचा नाच, एवढेच काय, आगगाडीसुद्धा चित्रात येऊ शकते. मात्र विधीत अग्रभागी असलेल्या बायका बाजारात मागे पडल्या, ही किंमत मला लहान वाटत नाही.

दिवाणखान्यासाठी निवड करायची तर मी कापडच घेईन, पण हाताने रंगवलेले, चित्रकाराचे नाव असलेले. पालघट देवीचा चौक चहाच्या कपावर छापलेला पाहणे मात्र, खरे सांगायचे तर, खटकते.