खाडीत बी कुठलं टाकायचं? तीन ठिकाणचे अनुभव शेजारी ठेवून

कोकणच्या खाड्यांत कालवं आणि शिनाणे (हिरव्या कडेच्या शिंपल्या) पाळायला आता बरेच बचत गट पुढे येतात. राज्याच्या कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजनेत त्यासाठी मदतही मिळते. पण बैठकीत बांबूचा तराफा, दोर आणि गिऱ्हाईक यांवरच जास्त बोलणं होतं आणि बी, म्हणजे त्यांची बारीक पिल्लं, कुठून आणायचं हा प्रश्न शेवटच्या दोन मिनिटांत उरकला जातो. माझ्या मते तो पहिला हवा. दोर चुकला तर पुढच्या हंगामात बदलता येतो. बियाण्याबरोबर भलती जात खाडीत उतरली तर ती काढता येत नाही, आणि त्याची किंमत गटाबरोबरच खाडीतले मासे, पाखरं, कुर्ल्या, तिसऱ्या (चिखलातल्या शिंपल्या) सगळेच भरतात.

पर्याय साधारण तीन. आपल्याच खाडीत रिकाम्या कालवांच्या माळा टांगून बी धरायचं. कर्नाटक-केरळकडून शिनाण्यांचं बी मागवायचं. किंवा जगभर खपणारं पॅसिफिक कालव आणायचा खटाटोप करायचा. आपल्याकडे सरकारी परवानगीशिवाय परदेशी जलचर आणता येत नाहीत, त्यामुळे तिसरा पर्याय जवळपास बंदच आहे. तरी ‘इतकं वाढतं, मग का नको?’ असं विचारलं जातंच, म्हणून सुरुवात तिथून करतो.

नेदरलँड्समध्ये १९६२-६३च्या कडक हिवाळ्यात तिथली देशी चपटी कालवं मोठ्या प्रमाणावर मेली. १९६४ मध्ये पॅसिफिक कालवं आणली गेली. एवढ्या थंड पाण्यात ती वाढतील, पण प्रजनन करणार नाहीत, असा भरवसा होता. तो खोटा ठरला. पुढे १९८६ मध्ये जर्मनीच्या सिल्ट बेटावर त्यांची शेती सुरू झाली आणि १९९१ मध्ये शेताबाहेर, रानातल्या शिंपल्यांच्या थरावर पहिली कालवं सापडली. नंतरच्या उबदार उन्हाळ्यांत या किनाऱ्यालगतच्या उथळ वाडन समुद्राच्या भरती-ओहोटीच्या चिखलावर त्यांचे कडक खडकच तयार झाले.

तिथल्या पाखरांचं काय झालं हे बघण्यासारखं आहे. आयडर बदक शिंपली अख्खी गिळतं आणि पोटात दळतं. धारदार कडांचं, एकमेकांना चिकटलेलं कालव त्याला गिळता येत नाही. आपल्याकडे हिवाळ्यात येणारा कालवफोड्या तिथेही आहे. तो चोचीने काही कालवं उघडू शकतो, पण मोठी, जाड कालवं त्यालाही जड जातात. दुसरी बाजूही सांगायला हवी. देशी शिंपल्या नामशेष होतील अशी भीती होती, तसं झालं नाही. त्या कालवांच्या फटींत राहिल्या, खेकड्यांपासून आणि पाखरांपासून थोड्या सुरक्षितच झाल्या. खडकांमुळे इतर बारक्या जिवांनाही आसरा मिळाला. म्हणजे खाडी मेली नाही, पण जेवणाचं ताट बदललं, आणि ज्यांची चोच व पोट जुन्या ताटासाठी घडले होते त्यांची अडचण झाली.

अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराची गोष्ट याहून गंभीर. तिथे कुणी शेती केली नव्हती. पूर्व आशियातली जेमतेम इंचभराची शिंपली, बहुधा जहाजांच्या तोल सांभाळणाऱ्या पाण्यातून, तिथे पोचली. १९८६ मध्ये एका कॉलेजच्या जीवशास्त्राच्या वर्गाला तिचे पहिले नमुने मिळाले. त्याच वर्षीच्या मोठ्या पुराने तळातले जुने जीव धुऊन नेले होते, जागा रिकामी होती. पाठोपाठ दुष्काळाची वर्षं आली, खारं पाणी आत सरकलं आणि शिंपलीचं फावलं. काही जागी एका चौरस मीटरमध्ये १०,०००पेक्षा जास्त शिंपल्या मोजल्या गेल्या.

प्रत्येक शिंपली पाणी गाळून खाते. एवढ्या शिंपल्यांनी पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ जवळपास संपवलं. उपसागराच्या वरच्या भागात दर उन्हाळ्यात पाणी शेवाळाने दाट व्हायचं, ते १९८७ पासून थांबलं. शेवाळावर जगणारे बारीक कवचधारी जीव कमी झाले. त्यांची पिल्लं तर शिंपली थेट गाळून खायची. त्यांच्यावर जगणारी बारीक कोळंबीसारखी जात घटली आणि छोट्या माशांपर्यंत उपासमार पोचली. डेल्टा स्मेल्ट हा तिथला इवलासा मासा आज नामशेष होण्याच्या काठावर आहे. सगळं खापर शिंपलीवर फोडणं चूक ठरेल, नद्यांचं पाणी वळवणं हेही मोठं कारण आहे. पण अन्नसाखळीचा पायाच तिने ओढून घेतला हे नक्की.

मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त अस्वस्थ करते. तेलशुद्धीकरण कारखाने आणि शेतीच्या निचऱ्याच्या पाण्यातून तिथे सेलेनियम हे मूलद्रव्य येतं. ही शिंपली ते अंगात साठवते, आधीच्या शिंपल्यांपेक्षा बरंच जास्त. तिला खाणारे स्टर्जन मासे, स्कॉप आणि स्कोटर ही बुडी मारणारी बदकं यांच्या शरीरात ते चढत जातं, आणि जास्त सेलेनियममुळे अंड्यांतल्या पिल्लांत व्यंग येतं. म्हणजे पाखरांना खायला भरपूर मिळालं, पण ते खाणंच घातक झालं. ‘नवीन शिंपली आली तर पाखरांना खाऊ वाढेल’ असं कुणी म्हणालं की मला हेच आठवतं.

आता आपल्या दाराशी आलेलं संकट. मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरची चारू शिंपली फिलिपिन्स, सिंगापूर, थायलंडमार्गे दिसत आली आणि २०१९ मध्ये केरळच्या अष्टमुडी सरोवरात तिची नोंद प्रसिद्ध झाली. या सरोवरातल्या तिसऱ्यांच्या मासेमारीला २०१४ मध्ये शाश्वत मासेमारीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं होतं, देशातलं पहिलं. त्याच पाण्यात चारूने कालवांच्या माळांवर, खांबांवर आणि तळावर जाड थर धरले. चेन्नईजवळ एन्नोरच्या खाडीत तिने चिखल झाकून टाकल्यावर कोळंबीला रुतायला जागा उरली नाही. कोळंबी धरणाऱ्यांच्या तक्रारींतून प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं.

कोकणाच्या दृष्टीने तिची एक सवय फार महत्त्वाची. जवळजवळ गोड्या पाण्यापासून समुद्राच्या खाऱ्या पाण्यापर्यंत ती तग धरते. आपल्या खाड्या पावसाळ्यात गोड होतात. शिनाण्यांना ते सोसत नाही, म्हणून त्यांचं पीक पावसाळ्यानंतर घेऊन मेपर्यंत काढतात. बाहेरून येणाऱ्या अनेक जिवांना हा पाऊस दरवर्षी अडवतो, चारूला तो अडवेलच असं नाही. ती धाग्यांनी एकमेकींना बांधून चिखलावर गालिचा पसरते. त्याखाली तिसऱ्या आणि मुळे या दोन्ही शिंपल्या गुदमरणार. गोव्यात चिखलीच्या उपसागरात चिखलावर सपाट पडून राहणारे काचशिंपले आहेत, त्यांना तर हलताही येत नाही. ओहोटीला चोच खुपसून किडे शोधणारी तुतवारसारखी पाखरं त्या गालिच्यात काय खुपसणार?

म्हणून खरी निवड पहिल्या दोन पर्यायांत आहे. स्थानिक बी धरायला वेळ लागतो, एखाद्या वर्षी कमी बसतं, आणि कालव शिनाण्यापेक्षा सावकाश वाढतं. मागवलेलं बी एकदम मिळतं, दोरावर गुंडाळलं की काम सुरू. पैशांचाच हिशोब केला तर दुसरा पर्याय आकर्षक आहे. पण बारीक चारू आणि शिनाण्याचं बी पोत्यात वेगळं काढणं अवघड असतं. शिनाण्याच्या कवचाची कड हिरवी. चारू बहुतेक काळपट तपकिरी, आतून जांभळट, पण तिच्यातही हिरवट छटेच्या निघतात. नखाएवढ्या पिल्लांच्या ढिगातून एकेक निवडणार कोण? केरळच्या खाड्यांमध्ये चारू पसरलेली असताना तिथल्या खाडीतलं बी मी घेणार नाही, स्वस्त मिळालं तरी नाही. शिनाणेच करायचे असतील तर जवळच्या खडकांवर पावसाळ्यानंतर बसणारं बी जपून काढावं, सगळं खरवडू नये.

‘आलीच तर खाऊन संपवू’ हा युक्तिवादही पटत नाही. ब्राझीलमध्ये ती आवडीने खातात हे खरं. पण एकदा बाजार उभा राहिला की ती टिकावी, दुसऱ्या खाडीतही यावी, असं काहींना वाटू लागतं.

समूळ नायनाटाचं उदाहरण आहे, पण वेगळ्या परिस्थितीतलं. ऑस्ट्रेलियात डार्विनच्या नौकातळांवर १९९९ मध्ये काळ्या पट्ट्यांची शिंपली सापडली. त्याच जातीने विशाखापट्टणम आणि मुंबईच्या गोद्यांमध्ये आधीच बस्तान बसवलं होतं. डार्विनमध्ये प्रसार ताजा होता आणि नौकातळांना दरवाजे होते. ते बंद करून क्लोरीन आणि मोरचूद ओतलं, आतलं सगळंच मेलं, शिंपलीही मेली. दाभोळ किंवा विजयदुर्गच्या खाडीला दरवाजा नाही, आणि तसं विष ओतायचा विचारही नको.

म्हणून दर महिन्याला माळ वर काढली की अनोळखी शिंपलीकडे नीट बघा. शंका आली तर ती परत पाण्यात टाकू नका, पट्टीशेजारी ठेवून आतून-बाहेरून फोटो घ्या आणि मत्स्यव्यवसाय विभाग किंवा कांदळवन कक्षाला कळवा. गोड्या पाण्यात बुडवून ती मरेल यावर विसंबू नका, भरतीरेषेच्या वर उन्हात पूर्ण वाळू द्या. तो दोर, ती होडी, तो तराफा तपासणी होईपर्यंत शेजारच्या खाडीत नेऊ नका.