तुंबलेलं गटार: नगरसेवकाला फोन की माहितीचा अर्ज?

सांगलीत आमच्या गल्लीत यावर रोज वाद. खर्च पाहिला तर फोन फुकट. माहिती अधिकाराला 10 रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही माफ. वेळेत फोन सरस: ओळख असली तर मुकादम दुपारपर्यंत दारात. अर्जाला 30 दिवस, आणि हाती पडते ती माहिती; गटार तसंच!

टिकण्याच्या बाबतीत मात्र फोन लंगडा. प्रभागात नगरसेवक चौघे, जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवणार. 2023 मध्ये महापालिकेची मुदत संपली, नगरसेवक माजी झाले, प्रशासक बसले. आवक-जावकचा शिक्का मारलेली पोच तेव्हाही चालतच होती.

आज घरात पाणी शिरतंय? फोन लावा. दर पावसाळ्यात तेच रडगाणं असेल, तर अर्ज करून गटाराच्या कामाची वर्कऑर्डर (कामाचा आदेश), मोजमाप पुस्तिका (किती काम झालं त्याची नोंद) आणि बिलाची प्रत मागा.