240 रुपयांची कंपासपेटी आणि भूमितीचे सर

मुलगी यंदा आठवीत गेली. चौकोन रचना सुरू व्हायच्या आत नवी कंपासपेटी हवी म्हणून ऑनलाइन मागवली. पत्र्याची पेटी, झाकणाच्या आत वेळापत्रकाचा कागद, किंमत 240 रुपये. बाकीच्यांनी बहुतेक पेटीचा रंग बघून पाच तारे दिलेत. मी जरा वेळ घेतला, कारण कंपासपेटी कशी पारखायची हे मला आमच्या भूमितीच्या सरांनी शिकवलंय.

सातारा जिल्ह्यातली आमची शाळा. आठवीच्या पहिल्या तासाला सरांनी पुस्तक उघडलंच नाही. "पेट्या बाकावर काढा. आज तुमची नाही, हत्यारांची परीक्षा." एक वर्तुळ काढायला लावलं. मग कंपास तेवढाच उघडा ठेवून परिघावर एकापुढे एक सहा खुणा. कंपास धड असेल तर सहावी खूण सुरुवातीच्या बिंदूवर येऊन पडते, कारण त्रिज्येएवढी जीवा केंद्रापाशी 60 अंशांचा कोन करते. माझ्याकडे दादाचा जुना कंपास. सहावी खूण बोटभर लांब. आख्खा वर्ग हसला. सर हसले नाहीत. खिशातून चार आण्याचं नाणं काढून त्याच्या कडेने स्क्रू ढिला केला, पोस्टकार्डाचा बारीक तुकडा फाडून सांध्यात सरकवला आणि परत आवळलं. "आता वरची मूठ दोन बोटांत धरून फिरव. पाय धरलास तर परत फाकेल." दहावीपर्यंत मी तोच कंपास वापरला.

तर ही पेटी. कंपास नापास. दर खुणेला अर्धा मिलिमीटर जरी फाकला तरी सहाव्या खुणेपर्यंत तीन-साडेतीन मिलिमीटरचा घोटाळा होतो. इथे तेवढाच झाला. शिवाय पेन्सिलची कडी इतकी अरुंद आहे की सोबत दिलेली पेन्सिल सोडून दुसरी कुठली त्यात जात नाही.

पट्टी चांगली आहे. तिच्या कडेने रेघ ओढायची, मग पट्टी उलटी करून त्याच दोन बिंदूंतून त्याच कडेने दुसरी. दोन रेघांत फट दिसली नाही, म्हणजे पट्टी सरळ. शून्य मात्र अगदी टोकाला छापलंय आणि टोक गोलसर आहे, तेव्हा 1 पासून मोजायचं आणि शेवटी 1 वजा करायचा. कोनमापकही पास. मोठा त्रिकोण काढून तिन्ही कोन मोजले, बेरीज 180 भरली. एरवी आपण कोनमापकाने त्रिकोण तपासतो. सर त्रिकोणाकडून कोनमापक तपासून घ्यायचे, याची तेव्हा फार गंमत वाटायची.

गुण्या हा माझा हळवा विषय, कारण मी फर्निचरच्या कामात आहे. रेघेवर गुण्या ठेवून लंब काढायचा, मग गुण्या पालथा करून त्याच बिंदूतून परत लंब. काटकोनात चूक असेल तर ती दुप्पट होऊन दिसते. 30-60 वाला ठीक निघाला. 45 वाल्याच्या दोन लंबांत 10 सेंटिमीटरवर 2 मिलिमीटरची फट, म्हणजे खरी चूक 1 मिलिमीटर, साधारण अर्धा अंश. वहीत कुणाला कळणारही नाही. पण तोच अर्धा अंश 60 सेंटिमीटरच्या दारात 6 मिलिमीटर होतो, आणि ते दार बंद होत नाही. कारखान्यात नवा गुण्या आला की मी आधी पालथा करून बघतो. पोरं म्हणतात, साहेबांचं काहीतरी भलतंच.

कर्कटकाला दोन टोकं आहेत, तीक्ष्ण आहेत. बाकावर नावं कोरण्यापलीकडे त्याचा उपयोग आम्ही फारसा केला नाही, त्यामुळे मत देत नाही.

सर अगदी देवमाणूस होते असंही नाही. पेन्सिलचं टोक बोथट दिसलं की हातावर लाकडी पट्टी बसायची, आणि बीजगणित ते गाडी सुटायला आल्यासारखं उरकायचे. पण फळ्यावर सुतळी नि खडूने काढलेलं त्यांचं अंतर्वर्तुळ त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंना असं नेमकं टेकायचं की पुढच्या तासाचे सर ते पुसायला कचरायचे.

मी कंपास उघडून लग्नपत्रिकेचा तुकडा सांध्यात सरकवला. पोस्टकार्ड आता घरात असतं कुठे? पाच मिनिटांचं काम. मुलीने सहा खुणा केल्या, सहावी केसभर हुकली. म्हणाली, "बाबा, हे पेन्सिलमुळे," आणि टोक करायला गेली.

तीन तारे. पेचकस हाताशी असेल तर घ्या. 45 चा गुण्या मी बदलून मागितलाय.