अशोक मागितला तर आसोपालव पुढे केला (नर्सरी रिव्ह्यू, ५ पैकी ३ स्टार)

आमच्या आईला चैत्रात अशोकाष्टमीला अशोकाच्या कळ्या लागतात, दरवर्षी कोणाकडे तरी मागत फिरते, म्हणून म्हटलं यंदा घरीच झाड लावू. बडोद्यातल्याच एका नर्सरीत गेलो (मोठी आहे, नाव नाही घेत), अशोक द्या म्हटलं तर काउंटरवरच्या पोराने सरळसोट, लोंबत्या पानांचं रोप आणून ठेवलं. अरे भाई हा आसोपालव, दिवाळीला दाराला तोरण बांधतो तो! तर म्हणे, "साहेब, बन्ने एकज छे."

एकच कसले, लांबचं नातं पण नाही. आसोपालव सीताफळाच्या कुळातला, शास्त्रीय नावाने आधी पॉलिअल्थिया म्हणायचे, २०१२ पासून मोनून लाँगिफोलियम. खरा सीताअशोक म्हणजे सराका असोका, तो चिंच-गुलमोहराच्या, शेंगावाल्या कुळातला. ओळखायला पण सोपं आहे हो, आसोपालवाचं पान एकेकटं, लांब, कडा लाटेसारखी, आणि अशोकाला एका देठावर चार-सहा जोड्या, कोवळी पालवी तांबूस आणि मलूल पडल्यासारखी लोंबते. फुलं तर विचारूच नका, आसोपालवाची हिरवट, पानात असून दिसत नाहीत, अशोकाचे केशरी-लाल घोस जुन्या फांद्यांवर सुद्धा येतात आणि गंमत म्हणजे त्यात पाकळ्याच नसतात, रंगीत दिसतो तो निदलपुंज, म्हणजे एरवी पाकळ्यांखाली असतो तो हिरवा भाग.

आता मी एवढा का चिडलो. आसोपालव मूळ दक्षिण भारत-श्रीलंकेचा, पण आज प्रत्येक सोसायटीच्या कंपाउंडला रांगेत उभा आहे, त्याला काय धाड भरलीय. अशोक मात्र पश्चिम घाटात वगैरे ओढ्याकाठच्या सदाहरित जंगलातला, अशोकारिष्टासाठी (आयुर्वेदिक औषध हो) साल सोलून सोलून कमी झाला, निसर्ग-संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या, आययूसीएनच्या यादीत व्हल्नरेबल, म्हणजे धोक्यात आलेला, आहे. आणि त्या सालीत भेसळ कशाची होते माहितीये? ह्याच आसोपालवाच्या सालीची!

शेवटी मागच्या ग्रीन नेटखालून माळीकाकांनी खरा अशोक काढून दिला, ३५० रुपये. त्यांना सगळं ठाऊक होतं, म्हणाले दुपारचं ऊन लागू देऊ नका, मे महिन्यात माती सुकली की पानाच्या कडा जळतात. तीन स्टार त्यांचेच. रोप तजेलदार आहे, पण पिशवीत मुळं गोल गोल गुंडाळलेली निघाली, आधीच मोठ्या पिशवीत घ्यायला हवं होतं.

घरी येऊन बिल बघितलं तर, "आसोपालव, १ नंग".