झेड फोर आणि साताऱ्याचा ड्राइव्ह ग्रुप : नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या ऑगस्टमधे सेकंड हँड बीएमडब्ल्यू झेड फोर घेतली, 2012 चं मॉडेल, 35 आय, तीन लिटर सहा सिलिंडर ट्विन टर्बो, 306 हॉर्सपॉवर. तेव्हा ज्याला सांगितलं त्यानं हेच विचारलं की साताऱ्यात ही चालवणार कुठं? नऊ महिने झाले, साडेआठ हजार किलोमीटर झालेत, म्हणलं आता नीट लिहावं.

आधी गाडीचं बोलतो. रिअर व्हील ड्राइव्ह आहे, बॉनेट लांबलचक आणि आपण जवळपास मागच्या चाकांवर बसलेलो असतो, त्यामुळे वळणात गाडी कशी फिरतीये हे स्टेअरिंगच्या आधी कमरेला कळतं. हे पहिल्यांदा यवतेश्वरच्या घाटात जाणवलं आणि त्या दिवशी मी तोच घाट तीनदा चढलो. छत पत्र्याचं, बटण दाबलं की साधारण वीस सेकंदात घडी होऊन डिकीत जातं, पण मग 310 लिटरची डिकी 180 वर येते म्हणजे दोन छोट्या बॅगा आणि पाण्याच्या बाटल्या बस्स. ॲव्हरेज घाटात 7, हायवेला 11.

सप्टेंबरमधे आईला कासला नेलं. फुलांच्या सीझनला ऑनलाइन बुकिंग करूनच जा, आणि शनिवार रविवार टाळता आला तर बघा. घाट संपून वर सपाटी लागली तसं छत उघडलं, आईनं पदर डोक्यावरून घेऊन कानामागं घट्ट खोचला आणि तलाव येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. उतरताना म्हणाली, लहानपणी दादांच्या सायकलला पुढं दांडीवर बसायचे तसं वाटलं. गाडीचे पैसे माझ्यासाठी त्या दिवशीच वसूल झाले.

आता ग्रुप. चौदा गाड्या आहेत, दोन पोलो जीटी, एक ऑक्टाव्हिया आरएस, एक मिनी, कराडहून एक जुनी बॉक्स्टर येते, सगळ्या महाग गाड्याच पाहिजेत असं काही नाही. महिन्यातून एक ड्राइव्ह, पहाटे साडेपाचला वाढे फाट्याला जमायचं, टाकी आदल्या रात्रीच फुल. मला वाटलेलं की आपण सुसाट जाणार, पण पहिल्याच ब्रीफिंगला अर्धा तास नियमच सांगितले. एका वेळी आठच गाड्या, पुढं लीड म्हणजे वाट दाखवणारी गाडी, शेवटी स्वीप म्हणजे सगळ्यांच्या मागं राहून लक्ष ठेवणारी, मधे कोणी कोणाला ओव्हरटेक करायचं नाही. आरशात मागची गाडी दिसली पाहिजे, फाट्यावर ती दिसेपर्यंत थांबायचं, म्हणजे शेवटचा माणूस कधीच चुकत नाही. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, मग ती एसटी असो नाहीतर भाजीचा टेम्पो, आणि उतरताना दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या गिअरमधे इंजिन ब्रेकिंगवर, म्हणजे ब्रेक सतत न दाबता गिअरनंच वेग धरून उतरायचं. पसरणी घाटात वाईकडं उतरताना काही गाड्यांच्या ब्रेकचा जळका वास येतो बघा, तो सतत पाय ठेवल्यानं येतो. प्रत्येकाकडं वॉकीटॉकी, लायसन्स न लागणारे 446 मेगाहर्ट्झवाले, अर्ध्या वॉटचे, घाटात डोंगर मधे आला की आवाज जातो पण "समोरून ट्रक" एवढं कळलं तरी पुरतं.

आंबेनळीला, म्हणजे महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरताना, ग्रुप नेहमीपेक्षाही हळू असतो. 2018 च्या जुलैमधे दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस याच घाटात दरीत गेली, तीसपेक्षा जास्त माणसं गेली. तिथं कोणी इंजिनचा आवाज काढत नाही, आणि एकानं काढला तर पुढच्या ड्राइव्हला त्याला बोलावत नाहीत. मला हे फार पटलं.

ग्रुपची खरी किंमत मला जानेवारीत कळली. मेढा, केळघर, महाबळेश्वर असा रूट होता, केळघर घाटात धुकं, एका वळणावर दरडीच्या सावलीत खड्डा दिसलाच नाही, धाडकन आवाज आला आणि टायरचा दिवा लागला. या गाडीत स्टेपनी नाही, रनफ्लॅट टायर आहेत, हवा गेली तरी ताशी 80 च्या आत ठेवून 80 किलोमीटर चालतात हे वाचून माहीत होतं पण त्या क्षणी हातपाय गार पडले. त्या दिवशी स्वीपला सांगलीचे डॉक्टर होते, पोलोमधे. ते उतरले, खाली बसून टायरच्या बाजूवरनं हात फिरवला, चिरलेली जागा बोटानं दाखवली आणि म्हणाले, "घाबरू नको, चाळीसनं चल, मी मागं हॅझर्ड लावून येतो." सगळे वर महाबळेश्वरला नाश्त्याला पोचलेले आणि हा माणूस माझ्या मागं मागं साताऱ्यापर्यंत आला, वाटेत मेढ्यात थांबून चहाही त्यांनीच पाजला. टायर इथं मिळाला नाही, बाहेरून मागवला, अकरा दिवस गाडी उभी. मागचे टायर पुढच्यापेक्षा रुंद आहेत त्यामुळे पुढचे मागं टाकून काम भागत नाही, घेणाऱ्यानं हा खर्च आधीच धरावा.

तेव्हापासून दर दुसऱ्या ड्राइव्हला स्वीपचं काम मी स्वतःहून घेतो. शेवटून सगळी रांग दिसते, कुंभार्ली घाटात वरच्या वळणावरून खाली उतरत गेलेल्या सात गाड्यांचे मागचे लाल दिवे बघणं हे लीडला बसून कधीच मिळालं नसतं.

त्रासाचं पण सांगतो. स्पीडब्रेकर तिरपा घ्यावा लागतो आणि गावाबाहेरचे बिनपट्ट्याचे काही तर तिरपे घेऊनही खाली घासतातच. नोव्हेंबर ते मार्च उसाचा सीझन, कोरेगाव रोडला काय नि कराड बाजूला काय, डबल ट्रॉल्या, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि ही गाडी इतकी खाली की समोर फक्त उसाची भिंत दिसते, त्यामुळे त्या पाच महिन्यांत अंधार पडायच्या आत घरी. ट्रॉलीवाल्यांचं पोट त्याच्यावर आहे, त्यांच्यावर राग नाही, पण वीस रुपयांचा रेडियम कारखान्यानं गेटवरच चिकटवला तर जीव वाचतील हो. आणि त्याच उसापासूनही बनणारं इथेनॉल आता पेट्रोलमधे 20 टक्क्यांपर्यंत असतं, जुन्या गाडीला ते चालतं का, फ्युएल लाइन कशी आहे, हे घ्यायच्या आधी मेकॅनिककडून बघून घ्या. सर्व्हिसला मी पुण्याला नेतो, पूर्ण दिवस जातो.

कोणाला साताऱ्याजवळ अशी गाडी घ्यायची असेल तर आधी एक ड्राइव्ह आमच्यापैकी कोणाच्या तरी शेजारी बसून करा, रूट शक्यतो कास बामणोलीचा घ्या, खाली शिवसागरच्या, म्हणजे कोयना धरणाच्या पाण्यापर्यंत. आणि टायरचं प्रेशर पहाटे टायर थंड असतानाच बघायचं, घाट चढून आल्यावर बघितलं तर ते जास्तच दाखवणार.